शोभेसाठी सुई टोचून घ्यावी काय?

सिन्नर तालुक्याच्या पूर्वभागातील एका लहान मंडळीत आम्ही प्रभुभोजनाच्या विधीसाठी गेलो असता, तेथील उपदेशक बंधूंनी उपासनेनंतर आम्हांस बाजूस नेऊन एक प्रश्न विचारला. मंडळीतील एका मुलीचे लग्न जुळावयाचे होते. मुलगी शिकलेली, शब्बाथशाळेत लहान मुलांस शिकविणारी, वडील माणसांशी नम्र. तीस पाहावयास पाहुणे आले. त्यांनी चहा घेतला, शिक्षण विचारले, आणि जाताना मध्यस्थाजवळ निरोप ठेविला की, मुलगी बरी आहे, परंतु हनुवटीखाली मांस फार. फोटोत शोभणार नाही. पुढे दुसऱ्या स्थळाकडूनही असाच निरोप आला. तेव्हा कोणी नातलगाने सांगितले की, शहरात हल्ली सुई टोचून तेवढ्याच जागेची चरबी विरघळवितात. कापाकापी नाही, टाके नाहीत. मुलीची आई विड्या वळणारी. तिने बचत गटातून कर्ज काढण्याचे मनात आणिले होते. उपदेशक बंधू आम्हांस म्हणाले, "पाळकसाहेब, हे पाप आहे काय? पाप असेल तर मी त्यांस स्पष्ट सांगतो. नसेल तर प्रार्थना करून पाठवितो."

आम्ही कबूल करितो की, उत्तर आमच्या ओठांवर तयार होते. हा केवळ डामडौल आहे, जगाची रीत आहे, ख्रिस्ती माणसाने तिच्यापासून दूर राहावे, इतके बोलून आम्हांस मोकळे होता आले असते. परंतु ती माउली दाराशी उभी होती. टेंभुर्णीची पाने कापून कापून तिच्या बोटांची कातडी जाड झाली होती. तिच्या मनात डामडौल नव्हता. लेकीची काळजी होती. म्हणून आम्ही त्या दिवशी उत्तर दिले नाही. पुढे या विषयाची माहिती करून घेतली, शास्त्र उघडून पाहिले, आणि जे आम्हांस दिसले ते सर्व मंडळ्यांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे मांडीत आहो. कारण हा प्रश्न आज एका घरी आला आहे. उद्या तो पुष्कळ घरी येईल.

प्रथम ही वस्तू काय आहे ते समजून घेऊ. परमेश्वराने आपल्या यकृतात पित्त उत्पन्न होण्याची योजना केली आहे. जेवणातील तूप-तेल फोडून ते पचनास योग्य करणे हे पित्ताचे काम. त्या पित्तात जी आम्ले असतात, त्यांपैकी एकास डीऑक्सिकोलिक आम्ल म्हणतात. हेच आम्ल कारखान्यात शुद्ध तयार करून कातडीखालच्या चरबीत टोचले असता चरबीच्या पेशींचे आवरण फुटते व त्या पेशी मरतात. मग शरीर तो गाळ हळूहळू वाहून नेते. अमेरिकेच्या सरकारी औषध खात्याने २०१५ साली या औषधास परवानगी दिली, ती केवळ प्रौढ माणसाच्या हनुवटीखालील चरबीसाठी. एका बैठकीत ५० पर्यंत लहान टोचण्या देतात. दोन बैठकींत निदान एक महिन्याचे अंतर ठेवितात. आणि अशा बैठका ६ पर्यंत होऊ शकतात. तेव्हा एकदा टोचले आणि झाले, असे जे लोक समजतात ते खरे नव्हे.

तसेच हे निरुपद्रवीही नव्हे. सूज, वेदना, काळेनिळे डाग, बधिरपणा हे तर सामान्य परिणाम होत. काहींस गिळताना त्रास होतो. जबड्याच्या कडेने जाणाऱ्या शिरेस, जिला मज्जातंतू म्हणतात, इजा झाली तर काही काळ हसणे वाकडे होते. औषध कातडीत उथळ टोचले गेले तर कातडीच मरते व व्रण पडतो. कारण त्या आम्लास विवेक नाही. नको असलेली पेशी कोणती आणि हवी असलेली कोणती, हे त्यास कळत नाही. जेथे ते पडेल तेथे ते नाश करील. विवेक टोचणाऱ्याच्या हातात असला पाहिजे. २०२३ च्या डिसेंबरात त्याच अमेरिकी खात्याने लोकांस जाहीर इशारा दिला की, परवानगी नसलेली चरबी विरघळविणारी औषधे दवाखान्यांतून, शोभागृहांतून व घरबसल्या मागवून टोचली जात आहेत आणि त्यांमुळे कायमचे व्रण, घोर संसर्ग, कातडीची विरूपता, गळवे व दुखऱ्या गाठी झाल्याच्या तक्रारी आल्या आहेत. आपल्या देशातही १९५४ च्या कायद्याने ज्या विकारांवरील औषधांची लोकांपुढे जाहिरात करण्यास मनाई आहे, त्यांच्या यादीत स्थूलता हा शब्द आहे. तेव्हा जो कोणी भिंतीवर किंवा मोबाइलवर चरबी घालविण्याच्या औषधाची खात्री देतो, त्याचा शब्द खेड्यातील आमच्या भावाबहिणींनी जपून घ्यावा. एवढे तर धर्माचा प्रश्न निघण्यापूर्वी साध्या शहाणपणानेच सांगता येते.

आणखी एक गोष्ट ध्यानात धरावी. ही सुई रोग बरा करीत नाही. हनुवटीखालची चरबी दिसते. परंतु माणसास मधुमेह व हृदयविकार यांकडे नेणारी चरबी बहुतेक पोटाच्या आत, आतड्यांभोवती व यकृतात, न दिसणारी असते. या विषयात आपल्या महाराष्ट्रानेच जगास धडा दिला आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या ६ खेड्यांतील माता व बालके यांचा अभ्यास आरंभिला. तेथील अर्भके इंग्रज अर्भकांहून पुष्कळ हलकी, सुमारे २.७ किलोची, तर इंग्रज सुमारे ३.५ किलोची, परंतु त्या हडकुळ्या अर्भकांच्या अंगावर मांस कमी असूनही चरबी मात्र त्या मानाने राखलेली आढळली. पुढे २००४ साली याज्ञिक व त्यांचे इंग्रज सहकारी युडकिन यांनी स्वतःचेच उदाहरण छापले. उंचीच्या मानाने दोघांच्या वजनाचा अंक सारखाच, २२.३. परंतु इंग्रज गृहस्थाच्या देहात चरबी शेकडा ९.१ आणि आपल्या याज्ञिकांच्या देहात शेकडा २१.२! म्हणजे बाहेरून बारीक दिसणारा मनुष्य आतून चरबीने भरलेला असू शकतो. डोळा किती फसतो पाहा. ज्या पाहुण्यांनी मुलीच्या हनुवटीकडे बोट दाखविले, त्यांच्या स्वतःच्या सडपातळ मुलाच्या पोटात काय आहे, हे त्यांस ठाऊक नव्हते. स्थूलता हा रोग झाला असेल तर त्याचे उपचार वेगळे आहेत, आणि ते वैद्याच्या सल्ल्याने अवश्य करावे. त्यांविषयी आम्ही येथे बोलत नाही. येथे प्रश्न केवळ शोभेचा आहे.

मग शोभेसाठी देहास हात लावणे हेच मुळात पाप आहे काय? आम्हांस असे म्हणता येत नाही. शास्त्रात चरबीचा तिरस्कार नाही. लेवीयाच्या तिसऱ्या अध्यायात यज्ञपशूची चरबी हा परमेश्वराचा भाग ठरविला आहे, कारण ती उत्तम समजली जाई. फारोने योसेफाच्या भावांस मिसर देशाचे उत्तम देऊ केले, तेही याच शब्दाने. दानीएल व त्याचे मित्र डाळ-भाजी खाऊन राजाचे अन्न खाणाऱ्यांहून पुष्ट दिसले, हे परमेश्वराच्या कृपेचे चिन्ह म्हणून लिहिले आहे. उलट अनुवादाच्या ३२ व्या अध्यायात इस्राएल पुष्ट होऊन देवास विसरला असा दोष दिला आहे. परंतु तेथे दोष पुष्टतेचा नव्हे, विसरण्याचा आहे. तसेच सौंदर्यही शास्त्राने लपविले नाही. दावीद देखणा होता असे पवित्र लेखकाने मोकळेपणाने नमूद केले आहे. आणि औषधाविषयी म्हणाल तर हिज्कीयाच्या गळवास अंजिराचे पोटीस लाविले होते, आणि पौलाचा प्रिय सोबती लूक हा वैद्यच होता.

रूप सुधारण्याची विद्याही आपल्या देशास परकी नाही. १७९२ च्या लढाईत इंग्रजांच्या फौजेबरोबर गेलेला कावसजी नावाचा एक मराठा गाडीवान टिपू सुलतानाच्या हाती सापडला. त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. वर्षभर तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीच्या एका कसबी माणसाने त्याच्या कपाळाची कातडी उतरवून तिचे नवे नाक त्याच्या तोंडावर बसविले. ही हकीकत १७९४ साली लंडनच्या एका मासिकात चित्रासह छापली गेली, आणि युरोपातील शस्त्रवैद्यांनी ती वाचून ही विद्या पुन्हा उचलली. आमच्याच काळाजवळचे उदाहरण वेल्लोरच्या ख्रिस्ती रुग्णालयाचे. तेथे डॉ. पॉल ब्रँड यांनी महारोग्यांचे वाकडे झालेले हात सरळ केले. परंतु हात सुधारले तरी झडलेल्या भुवया व बसलेले नाक पाहून लोक त्या माणसांस जवळ करीनात. म्हणून ब्रँड व त्यांच्या सोबत्यांनी भुवया व नाकेही नवी घडविली. भुवईवाचून मनुष्य मरत नाही. तरी त्या कामास डामडौल कोण म्हणेल? आम्ही तर त्यात प्रभूचा हात पाहतो, ज्याने कुष्ठ्यास स्पर्श केला.

येथे विचारी वाचक आम्हांस अडवील व म्हणेल, "मग या मुलीचे काय वेगळे? लोक तीसही जवळ करीत नाहीत. तिच्या हनुवटीस सुई लाविली तर तीही ब्रँड साहेबांच्या कामासारखीच दया नव्हे काय?" हा प्रश्न खरा आहे, आणि यास उडवाउडवीचे उत्तर देणे योग्य नव्हे. आम्ही त्यावर पुष्कळ दिवस विचार केला.

आम्हांस भेद दिसतो तो असा. कावसजीचे नाक दुसऱ्याने हिरावून घेतले होते. महारोग्याचे रूप रोगाने हिरावून घेतले होते. जे गेले ते परत देणे म्हणजे माणसास त्याच्या घरी परत आणणे होय. परंतु या मुलीचे काहीएक हरवलेले नाही. ती जशी आईच्या पोटी घडली तशीच आहे. आईची हनुवटीही तशीच आहे, आणि आजीचीही तशीच होती. येथे बिघडले आहे ते मुलीच्या देहात नव्हे, तर पाहणाऱ्याच्या डोळ्यात. प्रभूने डोंगरावरील उपदेशात डोळ्यास देहाचा दिवा म्हटले आहे व डोळा सदोष असला तर सर्व देह अंधकारमय होतो असे शिकविले आहे. डोळा एकाचा दुखावा आणि औषध दुसऱ्याच्या गळ्यात टोचावे, ही कोणती वैद्यकी? शिवाय असे औषध केले तर तो डोळा बरा होत नाही. उलट त्यास वाटते की आपण बरोबरच पाहिले. आज हनुवटी, उद्या रंग, परवा उंची. ब्रँड साहेबांनी महारोग्यांस केवळ नवे नाक दिले नाही; हा रोग शाप नव्हे, अस्पृश्य नव्हे, हेही जन्मभर लोकांस शिकविले. मुलीस सुईकडे धाडणारे आपण, डोळ्यांस काय शिकवितो?

शमुवेल संदेष्टा इशायाच्या घरी गेला तो प्रसंग आठवा. त्याच्यापुढून एकेक पुत्र चालविण्यात आला. थोरला उंच व भव्य. संदेष्टा असूनही शमुवेलाचा डोळा फसला. तेव्हा परमेश्वराने त्यास सांगितले की, माणसाची पाहणी बाहेरची, आणि आपली पाहणी अंतःकरणाची. आपल्या घरी मुलगी पाहावयाचा जो कार्यक्रम होतो तो याहून काय निराळा आहे? मुलीस पाटावर किंवा खुर्चीवर बसवितात, चालून दाखव म्हणतात, आणि घरी जाऊन तिच्या नाका-तोंडाचा हिशेब करितात. बैलबाजारात गिऱ्हाईक दात पाहतो. परंतु बैलास ते कळत नाही. मुलीस कळते. जे लोक रविवारी आम्हांबरोबर उभे राहून देव सर्वांस सारखा पाहतो असे गातात, तेच सोमवारी असा निरोप पाठवितात. ते पाहुणे, वाचकहो, परधर्मीय नव्हते. तेही मंडळीचेच लोक होते. हे लिहिताना आम्हांस लाज वाटते.

आणि हे सर्व कोठे घडते तेही पाहा. सिन्नरच्या पूर्वेकडील गावे पावसाच्या छायेतील. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून, सुकडीवर मुले जगविणारी माणसे या मंडळ्यांत अजून जिवंत आहेत. त्याआधी १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्यप्रांतातून हाडांचे सापळे झालेल्या शेकडो मुलींस उचलून आणिले व केडगावी अन्न, वस्त्र व विद्या दिली. त्या मुलींच्या अंगावर थोडे मांस धरले तेव्हा ते पाहून बाईंनी देवाचे आभार मानिले असतील. आजही दुष्काळ अगदी सरला असे नाही. २०१९-२१ च्या सरकारी पाहणीत देशातील १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकी शंभरी सुमारे २४ प्रमाणाबाहेर वजनाच्या, तर सुमारे १९ प्रमाणाहून कमी वजनाच्या आढळल्या. एकाच गल्लीत एक जण अन्नावाचून वाळते आणि एक जण वजनाने दमते. अशा ठिकाणी विड्या वळून मिळविलेला पैसा, हजार विड्यांमागे मजुरी मोजून साठविलेला पैसा, चार बोटे कातडीखालच्या मऊ भागावर खर्च व्हावा, याचा विचार मनास टोचतो. श्रीमंताने असा खर्च केला तर तो देवाच्या कारभाऱ्याच्या नात्याने हिशेब देईल. परंतु गरिबास कर्ज काढून असा खर्च करावयास जे भाग पाडतात, त्यांचा हिशेब अधिक कडक होईल असे आम्हांस वाटते.

तेव्हा आमचे उत्तर येणेप्रमाणे. सुई टोचून घेणे हे स्वतः पाप आहे असे शास्त्र सांगत नाही, म्हणून उपदेशकांनी कोणास तसा दोष लावू नये. जी भगिनी असा उपचार करून आली असेल तिच्याकडे प्रभुभोजनाच्या मेजाशी कोणी वाकड्या नजरेने पाहू नये. तो दुसरा घाव होईल. परंतु जो कोणी सल्ला विचारील त्याने स्वतःस तीन गोष्टी विचाराव्या. पहिली, हे मी कोणाच्या भयाने करीत आहे? प्रीतीने भय घालवावे असे आपण शिकलो आहो. भयाने केलेले काम सहसा भय वाढविते. दुसरी, याचा खर्च कोण सोशील? घरातील धाकट्याची फी, म्हाताऱ्याचे औषध, यांतून तो निघणार असेल तर उत्तर उघड आहे. तिसरी, यानंतर मी समाधानी होईन काय, की दुसरा दोष शोधीन? आणि इतके करूनही कोणाचा निश्चय झालाच, तर त्याने मान्यताप्राप्त पदवीच्या त्वचारोगतज्ज्ञाकडे किंवा शल्यवैद्याकडेच जावे, औषधाचे नाव व परवाना विचारावा, आणि शोभागृहात किंवा ओळखीच्या कंपाउंडराच्या हातून कदापि टोचून घेऊ नये. देह पवित्र आत्म्याचे मंदिर आहे असे पौलाने करिंथकरांस लिहिले. मंदिराची डागडुजी करण्यास मनाई नाही. पण ती कोणाच्याही हाती सोपवीत नाहीत.

आता मंडळीचे कर्तव्य. त्याच पत्राच्या बाराव्या अध्यायात पौल म्हणतो त्याचा भाव असा की, देहाचे जे भाग आपणांस कमी मानाचे वाटतात, त्यांसच आपण अधिक मान देतो, आणि देवाने देह असाच जुळविला आहे की एक अवयव दुखावला तर सर्वांनी दुखावे. हा दृष्टांत त्याने मंडळीविषयी दिला. मग ज्या दिवशी त्या मुलीच्या घरी निरोप आला त्या दिवशी मंडळीतील कोण दुखावले? आम्ही उपदेशक बंधूंस विनंती करितो की, लग्नाच्या बोलण्यात मुलीच्या किंवा मुलाच्या अंगलटीविषयी बोलणे हे त्यांनी आपल्या मंडळीत असभ्य ठरवावे. पंचांनी व वडील बायांनी हे मनावर घ्यावे. मुलगी पसंत नसेल तर नाही म्हणण्याचा हक्क सर्वांस आहे. परंतु नकाराबरोबर घाव पाठविण्याचा हक्क कोणास नाही.

वाचक विचारतील, त्या मुलीचे पुढे काय झाले? पुन्हा त्या गावी गेलो तेव्हा आम्ही हे सर्व तिला व तिच्या आईला सांगितले. निर्णय तिच्यावर सोपविला. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "पाळकसाहेब, सुईचे मला भय नाही. पण हनुवटी बारीक केली म्हणून जे मला घेतील, ते उद्या मूल झाल्यावर माझे पोट पाहून काय म्हणतील?" आम्हांस जे सांगण्यास इतके लिहावे लागले ते तिने एका वाक्यात सांगितले. तिची आई पदराने डोळे पुसून म्हणाली, "माझ्याकडेच गेलीय हनुवटी. मीच तिला लाजवायला निघाले होते."

कर्ज काढले गेले नाही. तिचे लग्न मात्र अजून जुळलेले नाही. हे आम्ही मुद्दाम लिहितो. कारण बरोबर वागणाऱ्यास लगेच फळ मिळते, असे सांगून आम्ही कोणास फसवू इच्छित नाही. ती दर रविवारी मुलांस शिकविते. तिची वाट लांब आहे, आणि ती वाट लांब करणारे आपण आहो. ज्या प्रभूच्या ठायी, यशया संदेष्ट्याने सांगितल्याप्रमाणे, लोकांच्या नजरेस भरण्याजोगे रूप नव्हते, तो आपले डोळे बरे करो. आणि त्याची मंडळी अशी होवो की तीत कोणाही मुलीस आपल्या आईसारखे दिसण्याची लाज वाटू नये.